वैरण खाली असू द्या

पानिपतचं नाव निघालं की मराठी माणसाला छावणीतली उपासमार आठवते. १७६१च्या त्या लढाईआधी भाऊसाहेबांच्या फौजेत माणसांबरोबर घोडीही खंगली, वैरणीवाचून मेली. तेच पानिपत आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं, आणि या क्षेत्रात घोडी अजूनही भरपूर आहेत: राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची, नोएडा-गुरुग्रामला मुलांना रपेट शिकवणारी आणि वरातीत नवरदेवाला मिरवणारी. आता चारा विकत मिळतो. तो कसा आणि किती उंचीवर द्यायचा, हा विचार मात्र मागे पडतो. माझं म्हणणं असं की निरोगी घोड्याची वैरण जमिनीलगत असावी आणि ती दिवसभर थोडी थोडी तोंडात जात राहावी. डोक्याच्या उंचीला टांगलेल्या जाळीत सोय मोतद्दाराची आहे, घोड्याची नाही.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल मात्र अखंड पाझरतं, पोटात काही असो वा नसो. ते आम्ल लाळेने सौम्य होतं आणि लाळ सुटते ती चघळतानाच. म्हणून मोकळ्या कुरणातला घोडा दिवसाचे चौदा-पंधरा तास चरत असतो. सकाळ-संध्याकाळ चंदी आणि मधे रिकामी गव्हाण, या रिवाजाने जठरात व्रण होतात. चारशे किलोच्या घोड्याला रोज निदान ६ किलो सुका चारा लागतो. तो बारीक छिद्रांच्या जाळीत भरला की घोडा ओठांनी चाचपत एकेक काडी ओढतो, आणि तासात संपणारी वैरण कितीतरी जास्त वेळ पुरते. जाळी हवीच, प्रश्न उंचीचा आहे. मान खाली घातली की नाकातला, श्वासनलिकेतला कफ आपोआप उताराला लागतो. ऑस्ट्रेलियात निरोगी घोड्यांची तोंडं वर बांधून ठेवून पाहिली, तेव्हा दिवसभरातच श्वासनलिकेत स्राव आणि जंतू साचलेले आढळले. दिल्लीत लग्नसराई आणि हवा सर्वांत घाण असण्याचे दिवस बरोबरच येतात. अशा हवेत वरच्या जाळीतला भुसा घोड्याच्या डोळ्यांत आणि नाकपुड्यांत झडत राहणं हा त्याच्या फुप्फुसांवर उघड अन्याय आहे.

यावरचा पहिला आक्षेप अगदी खरा आहे. खाली टांगलेली जाळी रिकामी होताना लोंबते, तिच्यात खूर किंवा नाल अडकतो आणि बिथरलेला घोडा पाय मोडून घेतो. म्हणूनच जाळी खाली टांगायची नाही. गुळगुळीत काठाच्या, वजनदार, बुटक्या गव्हाणीत गवत ठेवून वर ताठ जाळी पक्की बसवायची, आणि नाल मारलेल्या घोड्यासाठी काठ इतका उंच ठेवायचा की पाय आत जाणार नाही. दुसरी भीती वाळूची. यमुनेकाठच्या रेताड जमिनीवर विखुरलेलं गवत खाताना वाळू पोटात जाते आणि पोटशूळ उठतो. खाली रबरी चटई घालून ती झाडत राहिलं की हा धोका बराच टळतो. शंका असेल तर लिदीचे चार गोळे पारदर्शक पिशवीत पाणी घालून कालवावेत आणि पिशवी टांगून ठेवावी. थोड्या वेळाने तळाशी वाळूचा थर दिसला, तर जागा बदलायला हवी. गव्हाण सामाईक नको. २०१७च्या अखेरीस दिल्लीत घोड्यांत ग्लँडर्स आढळला आणि त्यांच्या ने-आणीवर बंधनं आली. तो रोग उष्ट्या चाऱ्या-पाण्यातूनही पसरतो.

वरातीच्या घोडीवर पोट असलेल्याला हा खर्च झेपेल का, असं कुणी विचारेल. अर्धा कापून कड घासलेला, पूर्वी खाण्याचाच माल भरलेला पिंपही चालतो. उरतो तो वेळ, आणि तो देणं आपल्याही हातात आहे. घोडी ठरवताना मंडपामागे तिच्यासाठी सावलीची जागा, पाण्याची बादली आणि लगाम उतरवून गवत खायला तासभर, एवढं वऱ्हाडाने आधीच कबूल करावं.