अभियांत्रिकी संशोधनाच्या अनुदानांचा उशिरा मागायचा हिशेब

अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कार्यकारी परिषदेचे सदस्य यांस,



२०२३च्या कायद्याने तुमचे प्रतिष्ठान उभे राहिले, आधीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे ‘सर्ब’, त्यात विलीन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये संशोधनाकडे वळवण्याचा संकल्प जाहीर झाला. त्यातले १४ हजार कोटी केंद्राच्या तिजोरीतून यायचे आहेत, उरलेल्यांचा मोठा भाग उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून. एवढे पैसे पुरतील का आणि उद्योग खरोखर हात सैल सोडतील का, यावर भरपूर लिहून झाले आहे. मला विचारायचे आहे ते वेगळेच. आज मंजूर होणाऱ्या अभियांत्रिकीच्या अनुदानांतून शेवटी काय हाती लागले, असे २०४५ साली एखाद्या संसदीय समितीने विचारले, तर उत्तर देण्याजोगे कागद तुमच्याकडे असतील का? सध्याच्या पद्धतीने ते असणार नाहीत. शिवाय ही उणीव नंतर भरून काढता येण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र आत्ताच.

अनुदान संपले की संशोधकाकडून खर्चाचे विवरण, उपयोगिता प्रमाणपत्र आणि पूर्तता अहवाल मागितला जातो. पहिली दोन कागदपत्रे पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला की नाही ते सांगतात. सरकारी पैशाला ती शिस्त हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पूर्तता अहवालात शोधनिबंध किती, पेटंटचे अर्ज किती, पीएच.डी. किती अशी बेरीज येते आणि फाइल बंद होते. साधारण तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निकाल तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस लागतो. अभियांत्रिकीतली कल्पना मात्र त्या वेळी बहुधा प्रयोगशाळेतल्या टेबलावर कशीबशी चालू झालेली असते.

निकाल कधी लावायचा, यावर निकाल काय लागणार हे किती अवलंबून असते, याचा धडा अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच गिरवला गेला आहे. १९६०च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याने ‘प्रोजेक्ट हाइंडसाइट’ नावाची पाहणी केली. वीस शस्त्रप्रणाली घेतल्या, त्या घडवणाऱ्या सुमारे सातशे संशोधन-घटना शोधल्या आणि साधारण वीस वर्षे मागे जाऊन त्यांची मुळे तपासली. ठराविक हेतू न ठेवता केलेल्या मूलभूत संशोधनाचा वाटा निघाला अवघा ०.३ टक्के. खात्यातल्या हिशेबनिसांना हे आवडले असणार. पण लगेच, १९६८ मध्ये, नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी ‘ट्रेसेस’ ही दुसरी पाहणी झाली. तिने व्हिडिओ टेप रेकॉर्डर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, गर्भनिरोधक गोळी असे पाच शोध निवडले आणि पन्नास वर्षे मागे पाहिले. तिच्या हिशेबात सुमारे ७० टक्के घटना मूलभूत संशोधनातल्या होत्या आणि त्यांचा भर प्रत्यक्ष शोधाच्या वीस ते तीस वर्षे आधीचा होता. दोन्ही पाहण्यांमागे त्या त्या खात्याचा स्वार्थ होता, हे उघड आहे. नमुने वेगळे होते, घटना कशाला म्हणायचे याचे निकषही वेगळे होते. तरीही मोजमापाची खिडकी रुंद केल्यावर चित्र उलटू शकते, हे या जोडीइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर हे पत्र ज्या लिपीत आहे तिचेच घेता येईल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या पाठबळावर आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालू होते. त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तिथे वाढले. याच कामातून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आकाराला आली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. बंगाली, गुजराती, तमिळ यांच्या तक्त्यांत ‘क’ची जागा समांतर ठेवलेली असते, त्यामागेही हीच मांडणी आहे. मोबाइलवरचा मराठी निरोप, सातबाऱ्याचा ऑनलाइन उतारा, सगळे त्या तक्त्यावर उभे आहे. आता तीन वर्षांच्या पूर्तता अहवालात हे कोणत्या रकान्यात बसले असते? अशा मानकाला पेटंट नसते, स्वामित्वशुल्क नसते, मानकातला तक्ता वापरणारा कुणाचा संदर्भही देत नाही. परिणाम जितका सर्वदूर, तितका तो मोजणीतून निसटतो.

यावर चाणाक्ष वाचक म्हणेल, यशस्वी झालेले एक उदाहरण उचलून दाखवणे सोपे आहे. हे म्हणणे बरोबर आहे. जिस्ट झाले नसते तर देवनागरीचा तक्ता दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या मार्गाने केलाच असता, असेही म्हणता येईल. म्हणूनच यशोगाथांचे संकलन म्हणजे मूल्यमापन, या समजुतीपासून तुम्ही दूर राहावे. ब्रिटनने विद्यापीठांच्या २०१४च्या मूल्यांकनात संशोधनाच्या सामाजिक परिणामाला २० टक्के वजन दिले, २०२१ मध्ये ते २५ टक्के केले. २०१४ साली ६,९७५ परिणाम-कथा दाखल झाल्या. वीस वर्षे जुन्या संशोधनापर्यंत मागे जाण्याची मुभा होती, ही त्यातली चांगली बाजू. पण कोणती कथा द्यायची हे विद्यापीठच ठरवत होते आणि फसलेल्या प्रकल्पाची कथा कोण पाठवणार? त्या संपूर्ण मूल्यांकनाचा खर्च २४.६ कोटी पौंडांच्या घरात गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खरा प्रश्न अनुदान नसते तर काय झाले असते, हा आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच कपाटात पडून असते: नाकारलेल्या प्रस्तावांत. मंजुरीच्या रेषेच्या किंचित वर राहिलेला आणि किंचित खाली घसरलेला प्रस्ताव यांच्या गुणवत्तेत फारसा फरक नसतो, पुढे फरक पडला तर तो बव्हंशी पैशामुळे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने लहान कंपन्यांना दिलेल्या संशोधन-अनुदानांचा सब्रिना हॉवेल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास असाच आहे. विभागातल्या अधिकाऱ्यांनी लावलेले जुने क्रम त्यांना मिळाले. पहिल्या टप्प्याच्या, दीड लाख डॉलरच्या अनुदानाने कंपनीला साहसवित्त मिळण्याची शक्यता १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. दुसऱ्या टप्प्याच्या दहा लाख डॉलरचा मात्र तसा फायदा दिसला नाही. मोठी रक्कम वाया आणि छोटी सार्थकी, असा निष्कर्ष कोणत्याही पूर्तता अहवालातून निघाला नसता. तो निघाला, कारण हरलेल्यांची यादी कुणीतरी जपून ठेवली होती.

अभियांत्रिकीच्या अनुदानाचा आणखी एक परिणाम दोन पायांवर चालत बाहेर पडतो. २००६ मध्ये केंद्राने आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे उभी केली आणि पुढे देशभरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांना तिथली यंत्रे वापरायची सोय केली. तिथल्या क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळेत, शिकलेली माणसे दहा-पंधरा वर्षांनी कोणत्या चिप-कारखान्यात, कोणत्या प्राध्यापकपदावर आहेत, हेच त्या गुंतवणुकीचे सर्वांत मोठे फळ असू शकते. अहवाल लिहिला जातो तेव्हा ती नुकतीच दाराबाहेर पडलेली असतात. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी प्रकल्पांवरच्या पगारपत्रकांची जनगणना विभागाच्या नोंदींशी सांगड घातली, तेव्हा संशोधन-निधीवर घडलेल्या पीएच.डी.धारकांपैकी सुमारे ४० टक्के उद्योगात गेल्याचे दिसले. शोधनिबंध मोजत बसणाऱ्याला ही वाट दिसतच नाही.

आक्षेप दोन मला गंभीर वाटतात. पहिला संशोधकांचा: आधीच कागदपत्रांनी जीव नकोसा केला आहे, त्यात आणखी वीस वर्षे माहिती भरत बसायची? मुळीच नाही. संशोधकाकडे वेगळा अहवाल मागूच नये. प्रत्येक अनुदानाला कायमचा क्रमांक द्यावा आणि शोधनिबंध, पेटंट अर्ज, मानकांच्या समित्यांचे मसुदे यांत तो नोंदवणे ही मंजुरीची अट करावी. अमेरिकेत १९८०च्या बे-डोल कायद्यापासून सरकारी पैशातून आलेल्या पेटंटवर तसा उल्लेख सक्तीचा आहे. आपल्याकडे सरकारी निधीतून निघालेल्या बौद्धिक संपदेसाठी २००८ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक कायदा झालेच नाही. पण अनुदानाच्या करारात एक कलम घालायला संसदेची गरज नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: दीर्घकालीन निकाल लागणार म्हटल्यावर लोक धोका पत्करणे सोडतील. व्यक्तीचा निकाल लागला तर नक्कीच सोडतील. शोधनिबंध मोजायला सुरुवात झाल्यावर आपल्या महाविद्यालयांत काय झाले, ते सांगायला नको. म्हणून मोजणीचे एकक योजना असावे, प्रकल्पप्रमुख नव्हे. शंभर अनुदानांपैकी ऐंशी फसूनही योजना उत्तम ठरू शकते आणि एकही न फसणारी योजना संशयास्पद मानायला हरकत नाही. वीस वर्षांनी कळून उपयोग काय, असे एखादा सचिव विचारील. त्याच्यापुरते उत्तर असे की, वीस वर्षे थांबायची गरज नाही. जुनी अनुदाने आहेतच.

तेव्हा माझी मागणी मर्यादित आहे. सर्बकडून तुमच्याकडे आलेल्या जुन्या नोंदींतून २०११ ते २०१४ या काळातली अभियांत्रिकीची अनुदाने आणि त्याच फेऱ्यांत थोडक्यात हुकलेले प्रस्ताव वेगळे काढा. नावे झाकून ते बाहेरच्या, प्रतिष्ठानाचे अनुदान न घेणाऱ्या अभ्यासकांकडे सोपवा आणि कशाची कशाशी तुलना करणार, हे निकाल हाती येण्याआधी जाहीर करा. नव्या फेऱ्यांत परीक्षकांचे गुण आणि नाकारलेले प्रस्ताव नष्ट न करण्याचा नियम करा. जिथे परीक्षकांनाच दोन प्रस्तावांत निवड करता येत नाही, तिथे सरळ चिठ्ठी टाका. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद २०१३ पासून काही अनुदाने अशी देते आणि त्यातून आपोआप तयार होणाऱ्या तुलनेइतकी निर्दोष तुलना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. हे सगळे चालू फेरीच्या अर्जातच बसवावे लागेल, कारण या फेरीतले नाकारलेले प्रस्ताव एकदा टाकून दिले की कितीही पैसे मोजून परत मिळणार नाहीत.

कळावे,
आपला विश्वासू