नोकरी द्यायला पैसे मागतोय? मग तुम्ही उमेदवार नाही, गिऱ्हाईक आहात

मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या बॅचमधल्या एका मुलीचा फोन आला. इंग्रजी घेऊन बी.ए. झालीय, दोन वर्षं सोलापुरात घरीच स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते. म्हणाली, "सर, थायलंडला टीचरची नोकरी लागलीय. एजंट ८५,००० मागतोय. आई पाटल्या मोडायला तयार आहे. दोन वर्षांत पैसे साठवते, परत येऊन स्वतःची ॲकॅडमी काढते. भरू ना पैसे?"

मी एकच विचारलं, "शाळेचं नाव काय?"

"ते पैसे भरल्यावर सांगणार आहेत."

आता मला सांगा, माल बघितला नाही, दुकानाचा पत्ता माहीत नाही आणि ॲडव्हान्स पूर्ण! धंद्यात असं कोणी केलं तर आपण त्याला काय म्हणू? पण "फॉरेनची नोकरी" म्हटलं की भल्याभल्यांचा हिशोब सुटतो.

परदेशात इंग्रजी शिकवून भांडवल जमवायचं, हा प्लॅन चांगला आहे. मी त्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही पहिली नोकरी म्हणजे तुमच्या आयुष्यातला पहिला मोठा सौदा आहे. तो उद्योजकासारखा तपासा.

१. पैसा कुठून कुठे जातोय?

ज्याला शिक्षकाची गरज आहे, तो शिक्षकाला पैसे देतो. पासपोर्ट, व्हिसा फी, पदवीच्या कागदांवरचे शिक्के, पोलिसांचा दाखला हे खर्च तुमचे असू शकतात. पण नोकरी "मिळवून देण्याचे" लाखभर रुपये? तिथे विकली जाणारी वस्तू म्हणजे तुमची आशा.

आपल्याकडे याला कायदा आहे, १९८३ चा उत्प्रवास कायदा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, तीही पावतीसकट. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर एजंटचं नाव शोधा. नाव नसेल तर विषय संपला. "सर, एजंटशिवाय होतच नाही," असं म्हणणारे भेटतील. चांगले एजंट आहेतच, पण चांगला एजंट पावती द्यायला घाबरत नाही.

२. तुमच्या पासपोर्टला ते दार उघडं आहे का?

हे कटू आहे, पण ऐका. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. २०१० मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे भारतीयांना एक छोटी खिडकी आहे, पण तिथे शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवायला आपल्यासारख्यांकडे साधारण १२ वर्षांचं इंग्रजी माध्यमातलं शिक्षण मागतात. मराठी माध्यमवाल्यांचं गणित तिथेच अडतं.

थायलंड आणि व्हिएतनाम जास्त व्यवहार्य आहेत. दोन्हीकडे पदवी लागते. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी शिकवण्याचं प्रमाणपत्रही लागतं. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडे टोइक किंवा आयेल्ट्सचा स्कोअर मागतात. आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांच्यापेक्षा आपल्याला पगार बऱ्याचदा कमी मिळतो. अन्याय आहे का? आहे. पण ॲकॅडमीचं बजेट जाहिरातीतल्या आकड्यावर नाही, करारातल्या आकड्यावर बांधा.

३. व्हिसा कोणता?

"आता टुरिस्ट म्हणून या, तिथे बदलून देतो." हे वाक्य ऐकलं की ब्रेक लावा. काही वेळा बदलून मिळतोही. पण नाही मिळाला तर? बेकायदा काम करणारे तुम्ही, परक्या देशात अडकलेले तुम्ही, आणि एजंट इथे मजेत. सरळ रस्ता असा: शाळा कागदपत्रं देते, त्यावर तुम्ही इथूनच नॉन-इमिग्रंट बी व्हिसा काढता आणि तिथे पोहोचल्यावर वर्क परमिट होतं.

घाबरवत नाही, पण हे माहीत हवं. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेलं गेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जबरदस्तीने कामाला लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने ५०० हून जास्त लोकांना विमानाने परत आणलं. आमिष शिक्षकाच्या नोकरीचंच असेल असं नाही, पण पद्धत हीच: घाई, टुरिस्ट व्हिसा आणि मालकाचा पत्ता नाही.

४. शाळेशी थेट बोला

एजंटने दिलेला नंबर नको. शाळेचा नंबर स्वतः शोधा आणि विचारा, "तुमच्याकडे ही जागा आहे का?" खरी शाळा व्हिडिओ कॉल करते, डेमो लेसन मागते. तुम्ही कसं शिकवता हे न बघताच कोणी "सिलेक्टेड" म्हणत असेल, तर त्याला शिक्षक नकोच आहे. करारात पगार, तास, सुट्ट्या, व्हिसाचा खर्च कोणाचा आणि नोकरी सोडायची अट, हे लेखी पाहिजे.

५. आधी इथे शिकवा

"टेफल" नावाची एकच संस्था नाही. सर्टिफिकेट कोणीही छापतो. निदान १२० तासांचा कोर्स बघा आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवायला मिळतं का ते विचारा. केंब्रिजच्या सेल्टा कोर्सला मान आहे, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं आणि ते तपासलं जातं. तो महाग वाटत असेल तर गल्लीतल्या दहा मुलांना सहा महिने शिकवा, त्याचे व्हिडिओ ठेवा. तो तुमचा पोर्टफोलिओ.

आणि टायमिंग. थायलंडमध्ये शाळा मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या आसपास. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा अर्ज करायचा सीझन.

त्या मुलीने पैसे भरले नाहीत. एजंट दोन दिवस "सीट जाईल, सीट जाईल" म्हणत होता, मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. आता ती टोइकची तयारी करतेय आणि स्वतः शाळांची यादी काढून अर्ज पाठवतेय. नोकरी अजून लागलेली नाही. पण पाटल्या आईच्या हातात आहेत आणि संध्याकाळचे क्लास चालू आहेत.

जो माणूस हा पहिला सौदा नीट तपासतो, तो उद्या दुकानाचा भाडेकरारही नीट वाचतो. तुमच्यासमोर आज अशी एखादी ऑफर असेल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: "शाळेचं नाव काय?"

भेटू पुढच्या व्हिडिओत.