पुस्तकातली विद्या, बागेतली विद्या

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या पुस्तकात एक चपटी, जाळीदार डहाळी दडवलेली असेल. ही मोरपंखी. मुले तिला ‘विद्या’ म्हणतात. ती पुस्तकात ठेवली की अभ्यास चांगला होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात डहाळी वाळून तपकिरी होते आणि गुण अभ्यासाइतकेच मिळतात! माझे मत असे, की ही विद्या झाडावरच राहू द्यावी.

त्याला कारण आहे. वड किंवा जास्वंद छाटली तर जुन्या लाकडावरही धुमारे फुटतात. मोरपंखीत ही शक्ती फार कमी. डहाळ्या ओरबाडून उघडी पडलेली जुनी फांदी सहसा पुन्हा हिरवी होत नाही. म्हणून पुष्कळ शाळांतील मोरपंखी मुलांचा हात पोचतो तिथपर्यंत बोडकी दिसते.

आणि या झाडापाशी शिकण्यासारखे किती आहे! ते मूळचे चीन-कोरियाकडचे. देवदार आणि चीड यांच्यासारखेच सूचिपर्णी. पण भिंगातून पाहा, पाने सुईसारखी नसून खवल्यांसारखी, समोरासमोर जोडीने चिकटलेली आहेत. बीपासून उगवलेल्या रोपाची पहिली पाने मात्र सुईसारखीच असतात. याला फळे धरत नाहीत, शंकू धरतात. ते आधी निळसर हिरवे असतात व त्यांच्या खवल्यांना आकडे असतात. वाळले की ते उकलतात आणि बी बाहेर पडते. आंब्याची कोय फळात झाकलेली असते. इथे बी शंकूच्या खवल्यांवर उघडेच वाढते. म्हणून हे झाड अनावृतबीजी.

लिनीअसने १७५३ साली याला ‘थुजा’ प्रजातीत घातले. पण थुजाच्या बीला पंख असतात, मोरपंखीच्या बीला नसतात. अशा फरकांमुळे आज ती ‘प्लॅटिक्लॅडस’ या वेगळ्या प्रजातीत मोडते. एवढ्याशा बीने झाडाचे नाव बदलले!

तेव्हा डहाळी तोडण्याऐवजी वाळलेल्या शंकूतले बी घ्या आणि पेरा. रोपाला उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी जागा द्या. पाणी तुंबले तर मुळे कुजतात. भिंतीला खेटून लावू नका, सावलीकडची बाजू विरळ होते. कात्री लावू नका, निमुळता डौल तिला जात्याच असतो. आतल्या जुन्या डहाळ्या तपकिरी होऊन गळल्या तर घाबरू नका. सदाहरित झाडाचीही पाने गळतात, फक्त सगळी एकदम गळत नाहीत.

वाढ सावकाश होते. दर वाढदिवसाला तिची उंची मोजा आणि वहीत लिहा. पुस्तकात जपण्याजोगी विद्या ती हीच.