तिसऱ्या छिद्राचा अर्थ

पावसाळा सुरू झाला, की गिझरला वा धुलाईयंत्राला हात लावताच विजेच्या धक्क्याने माणूस दगावल्याच्या वार्ता येऊ लागतात आणि दैवाला बोल लावून समाज मोकळा होतो. यात दैवाचा काय संबंध? सॉकेटमधील तिसऱ्या, सर्वांत मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तार असावयास हवी. ती आहे की नाही, हे किती घरांतून पाहिले जाते?

या तारेने वीज जमिनीत मुरते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः जिवंत तार यंत्राच्या धातूच्या आवरणाला टेकताच प्रवाहाला परतीची सुलभ वाट मिळावी, त्याचा लोंढा वाढावा आणि फ्यूज उडावा, हे तिचे कार्य होय. निव्वळ जमिनीत गाडलेल्या नळीवर विसंबले आणि तिचा रोध 10 ओहम असला, तर 230 व्होल्टला फार तर 23 अँपिअर प्रवाह वाहील. 32 अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने पडणार नाही. आवरण मात्र जिवंतच राहील! म्हणूनच 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबीही जोडीला हवा.

जुन्या चाळींतून नळाच्या लोखंडी पाइपालाच अर्थिंग जोडलेले असे. पुढे प्लॅस्टिकचे पाइप आले आणि ती जोडणी निरुपयोगी ठरली. काही कारागीर तर न्यूट्रलचाच तुकडा तिसऱ्या छिद्राला जोडतात. ती न्यूट्रल वाटेत तुटली, की चालू उपकरणातून आलेली वीज थेट आवरणावर उभी राहते. हे अर्थिंग नव्हे, सापळा होय.

नियमांची वाण मुळीच नाही. ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टर्मिनल पुरविण्याचे दायित्व 1956 च्या विद्युत नियमांतील 33 व्या नियमाने वीजपुरवठादारावर टाकले होते. 2010 च्या नियमावलीने तेच कायम राखले. भारतीय मानक 3043 मध्ये अर्थिंगची पद्धतही सविस्तर दिलेली आहे. वाण आहे ती अंमलबजावणीची.

तेव्हा नव्या घराचा ताबा देताना अर्थिंगच्या मोजणीचा दाखला बिल्डरने दिलाच पाहिजे, आणि जुन्या इमारतींतून ती मोजणी दर पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. खर्च मालकाने करावा की भाडेकरूने, हा वाद मागाहून खुशाल चालू द्या; आधी तार जोडा!