गोठ्याची तपासणी आणि शेतकऱ्याचा विश्वास

जनावरांच्या आरोग्याकरितां सरकारी तपासणी व परवाने यांचा विषय निघाला, कीं आमच्या शेतकरी बंधूंत दोन तट पडतात. एकास ती चिरीमिरीची नवी वाट वाटते. दुसरा म्हणतो, सरकार करील तें सोसावें. आमच्या मतें दोघांचेंही मुख्य मुद्द्याकडे दुर्लक्ष होतें. कोणत्या रीतीच्या तपासणीनें रोग उघडकीस येतो व कोणत्या रीतीनें तो दडतो, हा खरा प्रश्न आहे.

याचा धडा मुंबई शहरानें पूर्वींच घेतला आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला, तेव्हां घरांची झडती घेणें, रोग्यांस बळानें इस्पितळांत नेणें असे उपाय योजण्यांत आले. लोक रोगी लपवूं लागले, असंख्य कुटुंबें शहर सोडून गेलीं आणि ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढें १८९७ च्या जानेवारींत डॉ. हाफकीन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग लोकांस दिली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. शिक्षा घेऊन येणाऱ्यास मनुष्य दार लावतो, उपाय घेऊन येणाऱ्यास उघडतो.

गोठ्याचेंही तसेंच आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानें सांसर्गिक रोगाची खबर देणें हें जनावराच्या मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. पण नुसत्या कर्तव्यानें कोण खबर देतो? २०२२ सालीं महाराष्ट्रांत लंपीची सांथ पसरली, तेव्हां गुरांचे बाजार बंद झाले. तेवढेंच झालें असतें, तर आजारी जनावर रातोरात दुसऱ्या गांवीं गेलें असतें. परंतु त्याबरोबर लस मोफत मिळाली, आणि मेलेल्या दुभत्या गायीमागें ३०,०००, बैलामागें २५,००० व वासरामागें १६,००० रुपये साहाय्य ठरलें. पंचनाम्यावांचून मदत नाहीं. म्हणून खबर देण्यांतच मालकाचें हित आलें.

दुधाचा विचार करूं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें दूधविक्रेत्यास नोंदणी किंवा परवाना लागतो. शेतकऱ्याच्या शेतावरील मालास त्या कायद्यांतून सूट आहे. सूट योग्यच आहे. पण रोगजंतूस ती ठाऊक नाहीं. सांसर्गिक गर्भपाताचा किंवा क्षयाचा जंतु गोठ्यांतच दुधांत शिरतो, आणि तें दूध न उकळतां प्यालें, तर गिरगांव-दादरच्या गिऱ्हाइकाआधीं आमच्याच घरचें मूल आजारी पडतें. जनावरास प्रतिजैविक औषध टोचल्यावर पशुवैद्यानें सांगितलेले दिवस दूध बाजूस काढणें, हें कोणताही निरीक्षक आमच्याऐवजीं करूं शकत नाहीं.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, तपासनिसाबरोबर पशुवैद्य असावा. परळास १८८६ पासून पशुवैद्यकाचें महाविद्यालय चालत असलेल्या प्रांतांत ही मागणी जास्त नव्हे. दुसरी, तपासणीचा शेरा, त्याचें कारण व दुरुस्तीची मुदत यांची सही-तारखेसह नक्कल मालकास जागेवरच मिळावी. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस पक्कें ठाऊक आहे, कीं तोंडी हुकुमावर अपील नसतें, आणि जुलूम तेथेंच वाढतो. तिसरी, नुकसानभरपाईचे दर सांथ येण्यापूर्वींच जाहीर असावे. गुरें हलवावयाचीं, तर पर्यायी जागाही द्यावी. मुंबईच्या दाटीच्या तबेल्यांतील म्हशींकरितां १९४९ सालीं आरे वसाहत उभारली, ती याच विचारानें.

पण मागणाऱ्यानें देणेंही लागतें. जनावराच्या कानांतील बारा आंकडी बिल्ला काढून टाकणें, आजारी गाय दूरच्या बाजारांत खपविणें, गाभडलेल्या म्हशीचें दूध इतर दुधांत मिसळणें, हीं कृत्यें सरकारविरुद्ध नसून शेजारच्या शेतकऱ्याविरुद्ध आहेत. प्रत्येक गांवच्या संस्थेनें लसीकरण, आजार व खरेदी-विक्री यांची एक वही ठेवावी. ती वही पुढें करून आमच्या मागण्या मांडल्या, तर त्या टाळणें कोणत्याही अधिकाऱ्यास सोपें जाणार नाहीं.