इसीजी : आधी अंग पुसा, मग बटण दाबा

भात लावणीचे दिवस होते. नाणे मावळातील एक साठीचे शेतकरी चिंब भिजलेल्या अवस्थेत, ‘छातीत जळजळतंय’ म्हणत दवाखान्यात आले. लगेच इसीजी काढला. कागदावर रेषा नव्हेच, करवतीचे दाते! मदतनिसाने यंत्रावरील फिल्टरचे बटण दाबले. रेषा गुळगुळीत झाली, पण माझी शंका फिटली नाही. त्यांचे अंग पुसले, कोरडे कपडे दिले, वर घोंगडी घातली. दोन-तीन मिनिटांत हुडहुडी थांबली. फिल्टर बंद करून पुन्हा आलेख काढला, तर तीन लीडमध्ये रेषा स्पष्ट उचललेली! हृदयविकाराचा झटकाच तो. प्रथमोपचार करून त्यांना तातडीने पुण्यास पाठविले. सुदैवाने ते बरे झाले.

असे का व्हावे? हृदयाची जी वीज त्वचेवर मिळते ती जेमतेम एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. घरातील वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. लोणावळा, वळवण, शिरवता येथील तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून वीज होते, याचे आपणांस कौतुक. पण हीच घरातली वीज इसीजीच्या तारांत डोकावली की रेषेला बारीक दाते पडतात. थंडीने थरथरणारे स्नायू आपली वीज त्यात मिसळतात. श्वासाने किंवा त्वचेला नीट न चिकटलेल्या इलेक्ट्रोडने रेषा वरखाली डुलते.

फिल्टर ही खोट काढतो, हे खरे. पण सुपात जोराने पाखडले तर फोलपटाबरोबर दाणेही उडतात. स्नायूंची थरथर काढणारा फिल्टर साधारण ४० हर्ट्झच्या वरचे सारे कापतो, तेव्हा टोकदार लहरींची उंची घटते, बारीक खाचा पुसल्या जातात. डुलणारी रेषा सरळ करणारा फिल्टर काही यंत्रांत एसटी हा भागच वरखाली करतो, आणि झटका ओळखायचा तो नेमका याच भागावरून! म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशन व अन्य संस्थांनी २००७ साली प्रौढांसाठी वरची मर्यादा किमान १५० हर्ट्झ असावी, अशी शिफारस केली.

माझे स्पष्ट मत असे, की फिल्टर हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. यंत्राचे अर्थिंग तपासावे, जवळचा पंखा बंद करावा, त्वचा पुसून जेली लावावी. फिल्टर वापरलाच तर त्याचा आकडा बहुधा कागदाच्या कडेला छापलेला असतो. आम्हा डॉक्टरांनी तो आधी वाचावा.

वाचकांनीही थोडे पथ्य पाळावे. आलेख निघेपर्यंत बोलू नये, हातपाय सैल सोडावेत, थंडी वाजत असल्यास तसे सांगावे. जुने आलेख सोबत न्यावेत. आणि मुख्य म्हणजे, आलेख ‘नॉर्मल’ आला तरी छातीतले दुखणे थांबले नसेल तर घरी जाऊ नये. थोड्या वेळाने पुन्हा आलेख काढावयास सांगावे. त्यात संकोच कसला?