खाण बंद झाली, पाण्याचा हिशेब कोणाकडे?

आपल्या प्रतापगडच्या डोंगराखाली कोळसा नाही. येथे ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, महादेवाचे देवस्थान आहे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत आम्हा कापडवाल्यांची दुकाने लागतात. पण आमच्या धंद्याचे कामठीच्या मोमीन विणकरांशी जुने नाते आहे, आणि कामठीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. तेव्हा खाणीतल्या पाण्याचा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही.

भूमिगत खाण चालू असते तोवर पंप रात्रंदिवस चालतात. खाण बंद पडली की पंप थांबतात आणि पोकळीत पाणी भरू लागते. हे पाणी वर्षानुवर्षे चढत राहते आणि शेजारच्या खाणीच्या भिंतीवर त्याचा दाब वाढत जातो. ही भिंत फुटली तर काय होते, हे नागपूर जिल्ह्याने पाहिले आहे. 18 नोव्हेंबर 1975 रोजी सिलेवाडा खाणीत पाणी घुसून 10 कामगार दगावले. पुढच्याच महिन्यात, 27 डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरले आणि 375 माणसे गेली. चासनाला सगळ्यांना माहीत आहे. सिलेवाड्याचे नाव आपल्याच लोकांना आठवत नाही, याचे वाईट वाटते.

कायदा नाही असे नाही. पाणी साठलेले असू शकेल अशा जुन्या कामापासून 60 मीटरच्या आत खोदकाम न्यायचे तर लेखी परवानगी लागते. परंतु त्या जुन्या कामात आज पाणी किती चढले आहे, हेच कोणी मोजले नाही तर परवानगी कशाच्या आधारावर द्यायची? कापड गजाने मोजल्याशिवाय आपण फाडत नाही. येथे तर फक्त शाफ्टमध्ये किंवा बोअरमध्ये फीत सोडून पाण्याची पातळी वहीत लिहायची आहे. हल्ली दाब मोजणारे यंत्र खाली सोडले की आकडा आपोआप मिळतो. उपसाही मोजूनच हवा. घाईने उपसले तर पाण्याचा आधार सुटून जुने खांब खचू शकतात.

जुनी पोकळी किती दगा देते ते घुग्घुसकरांना विचारावे. 26 ऑगस्ट 2022 रोजी तेथे एक राहते घर जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर आली, ही अल्लाहची मेहरबानी.

आता पैशाचे बघू. कोळसा मंत्रालयाने 2009 साली खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खाते सक्तीचे केले. त्यावेळी उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीला 1 लाख रुपये असा दर ठरला. खड्डा दिसतो म्हणून त्याला जास्त आणि पोकळी दिसत नाही म्हणून तिला कमी, असा हा भाव आम्हाला वाटतो. जर्मनीने याचा विचार वेगळ्या रीतीने केला. तेथील रूर भागातली शेवटची कोळसा खाण 2018 मध्ये बंद झाली, पण पाण्याचा उपसा कायम करावा लागणार हे धरूनच 2007 साली एक न्यास उभारून त्याच्याकडे भांडवल ठेवले गेले. दुकान बंद झाल्यावरही देणे चालू राहते, हे त्यांनी आधीच वहीत लिहिले.

आणि हे पाणी वाया घालवायचे का? वेस्टर्न कोलफील्ड्सने 2016 मध्ये पाटणसावंगी खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरले. चांगली गोष्ट आहे. पण रंगारी, धोबी, विणकर यांना बाटली नको, हौद हवा. मात्र तपासणी झाल्याशिवाय ते वापरू नये, हे आम्ही कारागिरांना बजावून सांगतो. खाणीचे पाणी बहुधा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, रंग नीट धरत नाही, आणि लोह असेल तर पांढऱ्या कापडावर पिवळे डाग पडतात. लोहाचे पाणी हवा देऊन टाकीत निवू दिले तर गाळ खाली बसतो, जडपणा मात्र तसाच राहतो. नाल्यात सोडण्यापूर्वीसुद्धा एवढे करायलाच हवे, कारण खालच्या गावची माणसे आणि जनावरे तेच पाणी पितात.

इटियाडोहचे पाणी कालव्यात कधी सुटणार, हे आमच्या शेतकऱ्याला आधी कळावे लागते. नाहीतर त्याचे रोवणे अडते. बंद खाणींची पाण्याची पातळी आणि तपासणीचा निकालही असाच दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. कामठी आणि सावनेरच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही मागणी लेखी करावी, आणि अर्जाची एक प्रत खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या नागपूर कार्यालयात देऊन पोच घ्यावी.